ताक घरचंच की!

नऊवारी नेसून, मिशा रंगवून पडद्यामागे ताटकळलेल्या मुला-मुलींनो,

तुमचे नाच माझ्यामुळे अडलेत याची मला कल्पना आहे. परिचय करून देताना बाईंनी मला यशस्वी उद्योजक म्हटलं. माझं पलूसच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरची अवजारं बनवायचं वर्कशॉप आहे. पल्टी नांगर, सरी रेझर, ट्रॉलीची कामं. हाताखाली थोडी माणसं आहेत आणि बँकेचा हप्ता चालू आहे. तो फिटला की यशाचं बोलू.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'शालेय जीवनात उद्योजकतेचे महत्त्व'. महत्त्व आहे, हे मान्य. त्यावर अर्धा तास बोलण्यापेक्षा आज सकाळी तुमच्या आनंद बाजारात काय पाहिलं ते सांगतो.

पटांगणात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला सातवीतली एक मुलगी मठ्ठा विकत होती. स्टीलची कळशी, वर ओलं फडकं, ग्लास 10 रुपयांना. मी दोन ग्लास प्यायलो, झकास होता. विचारलं, "किती खपला?" म्हणाली, "चाळीस ग्लास. चारशे रुपये झाले." "खर्च किती?" "कागदी ग्लास, जिरं, मिरची, कोथिंबीर मिळून साठ. नफा तीनशे चाळीस." हिशोब तोंडपाठ. मी म्हटलं, "आणि ताकाचे?" ती माझ्याकडे असं बघायला लागली, की या माणसाला एवढंही कळत नाही! "ताक घरचंच की! त्याला कशाचे पैसे?"

मग तिथेच उभं राहून आम्ही हिशोब केला. दही लावायला दूध किती घेतलं? 5 लिटर. ते डेअरीला घातलं असतं तर? 32 रुपयांनी 160 आले असते. म्हणजे 340 चे झाले 180. दही विरजलं कुणी, पहाटे घुसळलं कुणी? आईनं. किती वेळ? दोन तास तरी. आपण खुरपणीला बाई लावली तर दिवसाचे 300 देतो, त्या हिशोबाने दोन तासांचे 75. राहिले 105. मुलीचा चेहरा पडला. मलाही वाटलं, उगाच पोरीचा आनंद घालवला. पण ती दोन मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, "काका, मग लोणी निघालं त्याचं काय? ते आजोबांनी खाल्लं. ते धरायचं नाही का?"

अध्यक्ष महाराज, त्या एका प्रश्नावर मी आजचा दिवस वसूल झाला असं धरतो.

नफा-तोटा सहावीच्या गणितात आहे. सगळ्यांनी सोडवलाय. पण पुस्तकात खरेदी किंमत छापलेली असते. 'एका व्यापाऱ्याने अमुक रुपयांना सायकल घेतली' हे आयतं मिळतं, आपण फक्त वजाबाकी करायची. बाहेर वजाबाकी सोपी असते, खरेदी किंमत शोधण्यातच आयुष्य जातं. इथे बसलेल्या किती शेतकऱ्यांनी आपल्या उसाच्या टनामागे घरच्या माणसांची मजुरी धरलीय? केंद्राचा कृषी मूल्य आयोग हमीभावासाठी खर्च काढतो, तेव्हा रोख खर्च वेगळा आणि घरच्यांची मजुरी वेगळी मांडतो. दिल्लीत बसलेल्या माणसांना तुमच्या घरच्या बाईची मजुरी दिसते, आपल्या वहीत मात्र तिला ओळसुद्धा नसते. सातवीच्या पोरीला ती ओळ आज दिसली. पालकांनो, घरी गेल्यावर ती काही बोलली तर तिला गप्प बसवू नका.

पुढच्या रांगेत एक स्टॉल फारच देखणा होता. फुगे, कमान, फ्लेक्स. सँडविच होतं. बनवत होत्या आई, पैसे घेत होती मावशी आणि ज्याच्या नावाचा फ्लेक्स होता तो चिरंजीव मोबाइलवर फोटो काढत होता. मला वाटतं 'उत्कृष्ट स्टॉल'चं बक्षीस तिकडेच गेलंय. असू दे, यादी छापून झालीय.

ज्यांना बक्षीस नाही, ते दोघं मला पाण्याच्या टाकीजवळ भेटले. आठवीतले. त्यांच्याकडे ना टेबल, ना माल. अकरा वाजता त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांची गिऱ्हाइकं शंभर-दोनशेच्या नोटा घेऊन येताहेत आणि सुट्ट्यांअभावी परत जाताहेत. दोघं सायकलवरून बाजारपेठेत गेले, ओळखीच्या किराणावाल्याकडून दहा-दहाची नाणी आणली आणि प्रत्येक स्टॉलला शंभरामागे 2 रुपये घेऊन सुट्टे देत सुटले. एका सरांनी त्यांना धरून दम दिला, "शाळेत असले धंदे चालायचे नाहीत." सर, राग मानू नका, पण आजच्या बाजारात धंदा कुणी केला असेल तर त्या दोघांनीच. बाकीच्यांनी आपल्याकडे काय आहे ते पाहिलं, या दोघांनी लोकांचं काय अडलंय ते पाहिलं. शाळा सुटायच्या आधी न विचारता फाटकाबाहेर गेले, त्याबद्दल शिक्षा जरूर करा. ती वेगळी, हे वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, ही पोरांची गंमत झाली. तर इथून हाकेच्या अंतरावरचं सांगतो. आपलं किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी कुंडल रोड होतं. 1910 साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथलं माळरान दिलं. नुसता निवडुंग होता. हे लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती वाट सुटली. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं आणि 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर बनवला. तुम्हाला वाटेल उड्या पडल्या असतील. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं गेली. का? तर लोखंडानं जमीन विषारी होते, असा लोकांचा समज होता.

माझ्याकडे एखादं अवजार खपलं नाही, की माझा पहिला विचार असतो, लोकांना अक्कल नाही. दुसरा विचार, किंमत कमी करू. शेतकऱ्याच्या मनात नेमकं काय आहे हे त्याच्या बांधावर जाऊन ऐकायचं, हा विचार फार उशिरा येतो, कारण शाळेत ते कुणी करायला लावलेलं नसतं. शाळेत प्रश्न गुरुजी विचारतात, उत्तर आपण द्यायचं. धंद्यात प्रश्न आपल्याला विचारावा लागतो आणि गिऱ्हाईक बरेचदा खरं उत्तर देत नाही.

आणि गंमत बघा. हेच किर्लोस्करांचे नांगर विकायचं काम कुणी केलं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी. आपल्या ओगलेवाडीच्या ओगल्यांच्या काचेच्या मालाची विक्रीसुद्धा त्यांनी केली होती. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 सालची, साताऱ्याचं बोर्डिंग 1924 चं. तिथली मुलं स्वतः स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' आपण भिंतीवर रंगवतो, पण ते सांगणाऱ्या माणसानं गावोगाव फिरून नांगर विकले होते, हे विसरतो. शिक्षणमहर्षींना फिरता विक्रेता म्हणणं बरं दिसत नाही म्हणून की काय, कोण जाणे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. वर्गणी मागायला दारोदार जायची हिंमत त्यांना त्या विक्रीतूनच आली असावी, असा माझा आपला अंदाज.

शाळेत हे जमतं का? पुणे जिल्ह्यात पाबळला जमलंय. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून 1983 साली या दुष्काळी गावात येऊन त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या आय.बी.टी. म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाच्या ओळखीच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. वेल्डिंग, नळजोडणी, वायरिंग, रोपवाटिका, माती तपासणं, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, ही अट. बाक मोडला तर बाहेरचा वेल्डर बोलवायचा नाही. मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर प्रत्येक वस्तूचा आधी आराखडा काढायचा आणि खर्च मांडायचा. माझ्याकडे चांगले मार्क घेऊन डिप्लोमा झालेली मुलं येतात. एका गेटचं कोटेशन काढ म्हटलं, की विचारतात, "साहेब, रेट काय लावू?" अरे बाबा, तेच तर तुला काढायचंय!

दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021 साली अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी माणशी 2000 रुपये बीजभांडवल दिलं होतं. त्याची जाहिरात फार झाली, टीव्हीवर कार्यक्रम झाला. ते सोडा. मला ती रक्कम महत्त्वाची वाटते. 2000 म्हणजे बुडाले तर घर बुडत नाही, पण बुडाले तर झोप लागत नाही. पैसा खरा, गिऱ्हाईक खरं आणि निर्णय मुलाचा. यातलं एक जरी काढलं तर ते स्नेहसंमेलनातलं नाटक होतं. चांगलं असतं, पण नाटकच.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. आधीच ऑनलाइन माहिती भरता भरता जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्यात पोराचे पैसे बुडाले तर पालक फाटकावर हजर. दहावीचा निकाल खाली आला तर संस्था विचारणार. त्यामुळे आपण मुलांचे सगळे निर्णय स्वतःच घेऊन मोकळे होतो. सहल कुठे न्यायची, गॅदरिंगला रंग कुठला, झाड कुठे लावायचं, सगळं ठरवून मुलांना फक्त रांगेत उभं करतो. आणि मग म्हणतो, पोरांचं वर्गात लक्ष नाही. ज्यात आपलं काहीच पणाला लागलेलं नाही, तिथे तुमचं माझं तरी लक्ष लागतं का? आत्तासुद्धा मागच्या तीन रांगा मोबाइलमध्ये आहेत. मी नावं घेत नाही, त्यात आमच्या मंडळीही आहेत.

आणि हो, प्रत्येकानं धंदाच काढावा असं माझं म्हणणं नाही. खुशाल नोकरी करा, नर्स व्हा, तलाठी व्हा. पण तलाठी झालात तर रांगेत उभ्या माणसाचं नेमकं काय अडलंय ते त्या सुट्टे पैसेवाल्या पोरांसारखं बघा, एवढंच.

आता शेवटचं. माझ्या वर्कशॉपतर्फे मी शाळेला 10,000 रुपये देतोय. ट्रॉफीला नाही, कमानीला तर नाहीच. पुढच्या वर्षीच्या आठवी-नववीतल्या पाच गटांना दोन-दोन हजार. काय करायचं ते मुलं ठरवतील, सरांनी सुचवायचं नाही. पालकांना आणि शिक्षकांना माल विकायचा नाही, कारण ते कौतुकापोटी विकत घेतात आणि कौतुकानं काही कळत नाही. वहीत घरून आणलेल्या वस्तूची आणि आईच्या कामाची ओळ हवीच. लोणी निघालं तर तेही धरायचं. पैसे बुडाले तर परत मागणार नाही, पण कसे बुडाले ते पुढच्या गॅदरिंगला याच माईकवर वाचून दाखवायचं. बक्षीस नफ्याला नाही, वहीला. मठ्ठेवाल्या मुलीला आणि त्या दोघांना मी आत्ताच सांगून ठेवतो, पहिले तीन गट तुम्ही काढा.

मुख्याध्यापक सर, याला आपली परवानगी लागेल. ती आत्ताच, सगळ्यांच्या देखत मिळाली तर बरं, कारण एकदा विषय मीटिंगला गेला की काय होतं ते तुम्हीही जाणता आणि मीही. माईक आपल्याकडे देतो.