जुन्या गाण्यांचे भांडवल आणि वादकांचे श्रम



संस्कृती आणि बाजार या विषयावर बोलताना आपल्याकडील वक्ते बहुधा एक ठराविक उदाहरण घेतात. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला एखादा पाश्चात्त्य पॉप गायक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करतो, त्यांच्या लक्षावधी प्रती खपतात, आणि मग आपण म्हणतो की भांडवलशाहीने आता लोकांच्या आठवणींचाही माल केला. हे विधान खोटे नाही. परंतु ते इतके सोपे आहे की त्यामुळे पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. त्या मालाच्या निर्मितीत कोणाचे श्रम खर्ची पडले? त्यांचा मोबदला कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खरे स्वारस्य या प्रश्नांत असते. म्हणून आज अमेरिकेतील एकच उदाहरण जरा तपशिलात पाहावे असे मी ठरविले आहे.

लिंडा रॉनस्टॅट ही १९७० च्या दशकातील अमेरिकेची अत्यंत लोकप्रिय रॉक गायिका. १९८३ साली तिने ‘व्हॉट्स न्यू’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तीत गर्श्विन, अर्व्हिंग बर्लिन अशा जुन्या पिढीतील रचनाकारांची गाणी होती आणि साथीला नेल्सन रिडल यांचा मोठा वाद्यवृंद होता. कंपनीतील मंडळींना हा बेत मुळीच पसंत नव्हता. रॉकचा श्रोता तुटेल आणि नवा श्रोता मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब. १९८१ साली तिने असाच एक प्रयत्न दुसऱ्या निर्मात्याबरोबर केला होता, तो प्रकाशित न होता बासनात गेला होता. तरीही बाईंनी हट्ट सोडला नाही. ‘व्हॉट्स न्यू’ अमेरिकेच्या विक्रीयादीत तिसऱ्या स्थानापर्यंत चढली. बाजार काय मागतो हे बाजाराचे कारभारी किती थोडे जाणतात, याचा हा एक नमुना. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायिकेच्या नावाबरोबर रिडल यांच्या वाद्यवृंदाचेही नाव ठळकपणे छापलेले होते. ही गोष्ट साधी वाटते. ती साधी का नाही, हे समजण्यासाठी आपल्याला अर्धे शतक मागे जावे लागेल.

‘स्विंग’ म्हणजे १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेत गाजलेले, मोठ्या वाद्यवृंदाने वाजवायचे नृत्यसंगीत. बेनी गुडमन या गोऱ्या वादकाला त्याचा राजा म्हणत. गुडमनची कीर्ती ज्या संयोजनांवर उभी राहिली त्यांतील अनेक फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय संगीतकाराने लिहिलेली होती. संयोजन म्हणजे कोणते वाद्य केव्हा काय वाजवील, याचे संपूर्ण स्वरलेखन. हेंडरसन रसायनशास्त्राचे पदवीधर. त्या क्षेत्रात वर्णभेदामुळे वाव मिळेना, म्हणून ते संगीताकडे वळले, आणि तेथेही मंदीच्या काळात स्वतःचा वाद्यवृंद चालेना तेव्हा त्यांना आपली संयोजने गुडमनला विकावी लागली. गुडमनने हे ऋण उघडपणे मान्य केले, हे त्याच्याविषयी सांगितलेच पाहिजे. त्याने टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्याबरोबर मंचावरही बसविले. पण राजेपद कोणाला मिळाले आणि मजुरी कोणाला, हा फरक तेवढ्याने पुसला गेला नाही. खुद्द कामगार संघटनाही या दोषापासून मुक्त नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या, त्या एकत्र व्हायला १९५३ साल उजाडावे लागले.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. त्यांचा युक्तिवाद कोणाही कापड कामगाराला चटकन समजेल असा होता. वादक एकदा वाजवितो, एकदाच पैसे घेतो. ती तबकडी मग रेडिओवर आणि उपाहारगृहातील नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रावर हजार वेळा वाजते, आणि दर वेळी कोठेतरी एका जिवंत वादकाचे काम जाते. म्हणजे मजूर स्वतःच्याच हातांनी आपल्याला बेकार करणारे यंत्र घडवीत होता. मागणी अशी, की प्रत्येक तबकडीमागे कंपनीने काही रक्कम निधीत भरावी आणि त्यातून बेकार वादकांना जनतेसाठी मोफत कार्यक्रम करण्याचे काम मिळावे. युद्धकाळ होता, वृत्तपत्रे विरोधात होती, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वतः आवाहन केले, तरी संघटना नमली नाही. डेक्का कंपनी १९४३ च्या सप्टेंबरात नमली. कोलंबिया आणि व्हिक्टर या बलाढ्य कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरात करार केला. पुढे १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने निधीची सूत्रे संघटनेच्या हातून काढून घेतली, १९४८ मध्ये दुसरा बहिष्कार झाला आणि निधी स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला. मात्र निधी टिकला.

या विजयाची एक विपरीत बाजूही आहे. गायक या संघटनेचे सभासद नव्हते. बहिष्काराच्या काळात कंपन्यांनी वाद्यांवाचून, केवळ समूहस्वरांच्या साथीने, गायकांच्या तबकड्या काढल्या. फ्रँक सिनात्रा याच्याही अशा तबकड्या निघाल्या. तोपर्यंत वाद्यवृंदाचे नाव मोठे आणि गायक हा त्यातील एक नोकर, अशी रीत होती. युद्धानंतर ती उलटी झाली. मोठे वाद्यवृंद मोडले. त्याला प्रवासखर्च, कर, बदललेली अभिरुची अशी इतरही कारणे होती, सगळा दोष बहिष्कारावर टाकणे हा मालकांच्या बाजूचा इतिहास आहे. पण वादक आणि संयोजक गायकाच्या नावामागे गेले, ते गेलेच. याच रिडल यांनी १९५० साली नॅट किंग कोल यांच्या ‘मोना लिसा’ या गाण्याचे संयोजन केले, तेव्हा तबकडीवर श्रेय छापले गेले दुसऱ्याच्या नावाने.

आता १९८३ मधील त्या वेष्टनाकडे पुन्हा पाहा. संगणकी स्वरयंत्रे वाद्यवृंदाची जागा घेऊ लागली होती आणि व्हायोलिन-ट्रॉम्बोनवाल्यांचे काम आटत होते. अशा वेळी एका लोकप्रिय गायिकेने साठी ओलांडलेल्या संयोजकाकडे काही गाण्यांपुरती मदत मागितली. त्याने संपूर्ण ध्वनिमुद्रिकाच करण्याची अट घातली, आणि तिने ती मान्य केली. वादकांना संघटनेच्या दराने मजुरी मिळाली. मला या प्रकारात केवळ गतकाळाचा व्यापार दिसत नाही. एका विस्मृत कसबाला मिळालेले काम आणि नाव दिसते.

अर्थात मोबदल्याचा हिशेब येथेही वाकडाच राहिला. अमेरिकेत ही गाणी रेडिओवर वाजतात तेव्हा स्वामित्वधन गीतकार, संगीतकार आणि त्यांचे प्रकाशक यांना मिळते. गायकाला आणि वादकाला साध्या रेडिओकडून आजही एक कवडी मिळत नाही. रचनेचा हक्क तर ९५ वर्षे चालतो. त्या ध्वनिमुद्रिकेतील गर्श्विनचे एक गाणे १९२६ चे. ते १ जानेवारी २०२२ रोजी मुक्त झाले. गर्श्विन १९३७ सालीच वारले होते. इतकी वर्षे उत्पन्न घेणारे वारस आणि कंपन्या यांनी त्या गाण्यात कोणते श्रम ओतले होते?

आणि हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे समजण्याचे कारण नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’मध्ये १९५१ साली जो ठेका मुंबईच्या गल्लीबोळांत नेला त्यात स्विंगचा अंश होता, आणि त्यांच्यामागे चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय वादक होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या संयोजकांशिवाय त्या काळचे हिंदी चित्रपटसंगीत उभेच राहिले नसते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले तर बहुधा ‘सहायक’ म्हणून. २०१२ साली आपल्या संसदेने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा अहस्तांतरणीय केला, ही चांगली गोष्ट झाली. संयोजकाचे नाव त्या तरतुदीत नाही.

रॉनस्टॅटच्या मागून पुष्कळ जण त्या वाटेने गेले. २००१ साली इंग्लंडच्या रॉबी विल्यम्सने, २००२ पासून रॉड स्टुअर्टने. स्टुअर्टने तर एकामागून एक पाच खंड काढले. पहिल्या वेळी ज्यात धोका होता तो आता ठरलेला धंदा झाला होता. विल्यम्सच्या ध्वनिमुद्रिकेत एक गाणे सिनात्राबरोबरचे युगुलगीत आहे. सिनात्रा १९९८ सालीच वारला होता. त्याचा १९६० च्या दशकातील आवाज नव्या आवाजाशेजारी बसविला गेला. तेव्हा ती गंमत वाटली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे मृताचे, आणि जिवंताचेही, न गायलेले गाणे तयार करतात. २०२४ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्याने माणसाच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला. तो गळ्यापुरता आहे. ट्रॉम्बोनच्या फुंकेला, व्हायोलिनच्या गजाला त्यात जागा नाही. पेट्रिलो यांनी १९४२ मध्ये विचारलेला प्रश्न वादकासमोर पुन्हा उभा आहे, आणि या वेळी यंत्राला त्याने एकदाही वाजवून देण्याची गरज उरलेली नाही.

मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही वादकांची संघटना आहे. आपल्या पुढच्या अभ्यासवर्गात भाषण माझ्यासारख्या प्राध्यापकाचे न ठेवता तिच्या एखाद्या ज्येष्ठ व्हायोलिनवादकाला बोलवावे, त्याला त्याचे दर, त्याचे तास आणि गेल्या वर्षात किती दिवस काम मिळाले ते विचारावे, अशी माझी चिटणीसांना सूचना आहे.