न्यायमूर्तींच्या चेंबरमधलं वाचन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'लॉ क्लार्क' म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर वकिलांचा कारकून येतो. बगलेत फायलींचा गठ्ठा, आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर धावपळ. कोर्टातला हा मोठा जाणकार माणूस. त्याच्याविषयी कधीतरी स्वतंत्र बोलायला हवं. मी बोलणार आहे ते काम वेगळं. कायद्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली वर्षभर एखाद्या न्यायमूर्तींना वाचनात आणि संशोधनात मदत करतात, त्यांना लॉ क्लार्क म्हणतात. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. होरेस ग्रे हे १८८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि त्यांनी पदरचे पैसे देऊन हार्वर्डचा एक ताजा पदवीधर हाताशी ठेवला. आपल्याकडे ती बरीच उशिरा आली.

मी असं एक वर्ष मुंबई उच्च न्यायालयात काढलं. या न्यायालयाच्या दोन शाखा आहेत. मुंबई शहरातले काही दावे जिथे पहिल्यांदाच उभे राहतात ती मूळ शाखा, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या न्यायालयांच्या निकालांवर जिथे दाद मागितली जाते ती अपील शाखा. आमच्या सरांचं खंडपीठ फौजदारी अपिलं ऐकत असे. खुनाचे, दरोड्याचे, हुंडाबळीचे खटले. खाली शिक्षा झालेली, माणूस तुरुंगात, आणि आता वर अपील.

उद्याचा बोर्ड, म्हणजे उद्या चालायच्या प्रकरणांची यादी, आदल्या दिवशी हाती यायची. त्यातल्या अपिलांची पेपर बुकं मी घरी न्यायची. पेपर बुक म्हणजे खालच्या न्यायालयातल्या खटल्याचा बांधलेला संच. फिर्याद, पंचनामे, साक्षी, शवविच्छेदनाचा अहवाल, शेवटी निकालपत्र. हे सगळं वाचून टिपण करायचं. घटना कधीची, फिर्याद किती वाजता नोंदली, कोणत्या साक्षीदाराने काय पाहिलं, कोण फितूर झालं, कोणती वस्तू कोणत्या निशाणीवर आहे. ऐकायला रुक्ष वाटतं, आणि पहिले काही दिवस ते होतंही.

मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. अपिलात साक्षीदार येत नाही. खालच्या न्यायाधीशांनी त्याला पिंजऱ्यात उभं पाहिलेलं असतं. तो कुठे अडखळला, कुठे रडला, हे त्यांच्यासमोर घडलेलं असतं. वरच्या न्यायालयाकडे येतो तो फक्त कागद. एका माणसाचं उरलेलं आयुष्य त्या कागदावर अवलंबून असतं. तेव्हा तो कागद नीट वाचणं हेच काम.

यात आणखी एक पेच आहे, तो भाषेचा. गावाकडची बाई जिल्हा न्यायालयात मराठीत साक्ष देते, ती मराठीतच लिहून घेतली जाते. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र घटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीत चालतं. म्हणून मराठी साक्षींचा इंग्रजी तर्जुमा होतो. आमच्या सरांचा शिरस्ता असा, की इंग्रजी वाचण्याआधी मूळ मराठी साक्ष वाचायची. ती खालून आलेल्या गठ्ठ्यात असायचीच.

असं का, हे एका उदाहरणाने सांगते. हे कोणत्याही एका खटल्यातलं नाही. चेंबरमधली प्रकरणं बाहेर बोलायची नसतात. समजा, एक बाई साक्षीत सांगते, की आरडाओरडा झाला तेव्हा माझे दीर शेतात होते. पुढे ती म्हणते, दाजी ओट्यावर बसले होते. दीर म्हणजे नवऱ्याचा भाऊ, दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. आपल्याला यात काहीच कोडं नाही. पण इंग्रजीत दोघेही 'ब्रदर-इन-लॉ'! तर्जुमा करणाऱ्याची यात काही चूक नाही, त्या भाषेत शब्दच तेवढा आहे. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, एकच माणूस एकाच वेळी शेतातही आणि ओट्यावरही. बाई खोटं बोलतेय.

वेळेचंही तसंच. 'दिवेलागणीला' आणि 'जेवणं झाल्यावर' या गावातल्या दोन वेगळ्या वेळा आहेत. एका वेळी पाच-दहा पावलांवरचा ओळखीचा चेहरा दिसतो, दुसऱ्या वेळी अंगणात दिवा नसेल तर दिसत नाही. इंग्रजीत दोन्ही 'ईव्हनिंग'मध्ये बसू शकतात. आरोपीला ओळखलं की नाही, या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका शब्दात असू शकतं. तो शब्द कधी आरोपीच्या बाजूने पडतो, कधी विरुद्ध. तो कुठे पडावा याची काळजी आपण करायची नाही. तो जसा उच्चारला गेला तसा टिपणात आला पाहिजे.

उलटतपासणी वाचणं तर एक वेगळंच शास्त्र. आपल्याकडे साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहीत नाहीत, सलग निवेदनासारखी लिहितात. वकिलाचा प्रश्न कागदावरून नाहीसा होतो आणि त्याचे शब्द साक्षीदाराच्या तोंडी येतात. 'हे म्हणणे खरे आहे की, आमच्यात बांधावरून वाद होता.' साक्षीदार प्रत्यक्षात फक्त 'हो' म्हणालेला असतो. 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' इथे तो 'नाही' म्हणालेला असतो. वाक्य वकिलाचं, होकार-नकार तेवढा साक्षीदाराचा. ही सवय झाली की कागद बोलू लागतो.

लोक मला विचारतात, मग निकाल तुम्हीच लिहिता का? नाही. आमच्या टिपणाला शेवटचा परिच्छेद नसायचा. 'अपील मंजूर व्हावं' किंवा 'फेटाळावं' असं लिहायची मुभाच नव्हती. सर म्हणायचे, "वाचून मला सांग, ठरवून सांगू नकोस." पहिल्यांदा हे थोडं लागलं. वयच असं असतं, की आपल्याला सगळं कळलंय असं वाटतं. पण निर्णयाची जबाबदारी ज्याच्या सहीवर आहे त्याचंच मन तिथे लागलं पाहिजे. मी ठरवून दिलं असतं, तर त्या आरोपीचं अपील एका न्यायमूर्तींनी आणि एका चोवीस वर्षांच्या मुलीने ऐकल्यासारखं झालं असतं. त्या मुलीला तो अधिकार कोणी दिलेला नव्हता.

काही अपिलं थेट तुरुंगातून यायची. पोस्टकार्डासारखा साधा अर्ज, खाली अंगठा. अशा कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. आणि १९९६ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, की वकील हजर नाही एवढ्याच कारणाने दाखल करून घेतलेलं फौजदारी अपील काढून टाकता येत नाही. कागदपत्रं पाहून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो. म्हणजे त्या अंगठ्यामागच्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणी उभं नसलं, तरी त्याचा कागद कोणीतरी पहिल्या पानापासून वाचणं हा त्याचा हक्क आहे. तो गठ्ठा उघडताना मला हे दर वेळी आठवायचं.

आता थोडं तुमच्याविषयी. आपल्यापैकी कोणावरही कधी साक्षीला उभं राहायची वेळ येऊ शकते. रस्त्यावरचा अपघात असेल, शेजारचं भांडण असेल, पंचनाम्यावरची सही असेल. तेव्हा कोर्टाची म्हणून वेगळी भाषा बोलायला जाऊ नका. घरी जसं सांगाल तसं सांगा. दीर असेल तर दीर म्हणा, 'नातेवाईक' म्हणू नका. दिवेलागण असेल तर 'सायंकाळी अंदाजे सात वाजता' असं उगाच घड्याळ लावू नका. प्रश्न कळला नाही तर तसं स्पष्ट म्हणा. आणि फौजदारी खटल्यात साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि गरज असेल तर दुरुस्त करावी, असं कायदाच सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती आहे. गाडी चुकेल म्हणून घाईघाईत सही करून निघू नका, ऐकून घ्या. कारण काही वर्षांनी, तुम्ही ते सगळं विसरून गेल्यावर, तुम्हाला कधीही न पाहिलेलं कोणीतरी तो कागद उघडून बसणार आहे. तुम्ही काय म्हणालात हे त्याला त्या कागदावरूनच कळायचं असतं.