रस्सा लेकराला, मग मासा कुणाला?

परवा गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, वही मिटली आणि बोलणं कालवणावर आलं. एक ताई म्हणाल्या, "आमचं पोरगं आठवड्याला मासे खातं." किती खातं, विचारलं. "रश्शात भाकरी कुस्करून देते की!" आणि मासा? "नको बाई, काटा लागतो." निम्म्या बायांनी माना डोलावल्या.

रश्शात पाणी, तेल आणि तिखटच जास्त. अंगाला लागतं ते माशाच्या मांसात. 100 ग्रॅम ताज्या मांसात साधारण 17 ते 20 ग्रॅम प्रथिनं असतात. ती मोठ्यांच्या ताटात जातात आणि वाढीच्या वयाचं लेकरू रश्शावर राहतं.

आपल्या मोहोळला समुद्र लांब, पण उजनीचं पाणी जवळ. लेकरासाठी चिलापी घ्या. तिचा मधला काटा मोठा असतो, मांसात बारीक काटे नसतात. रोहू, कटला आणला तर पोटाकडचा तुकडा घ्या, शेपटीकडचा नको. बारीक काटे तिकडेच जास्त. कल्ले लाल आणि डोळे चकचकीत असतील तरच मासा घ्या.

वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. मोठ्यांच्या कालवणात तिखट पडायच्या आधी लेकराचा तुकडा छोट्या पातेल्यात काढा. चिमूटभर हळद, ठेचलेली लसणाची पाकळी, बुडेल इतकं पाणी. मांस पांढरं होऊन सहज सुटायला लागलं की उतरवा. मग ताटात पसरून उजेडात बसा आणि प्रत्येक चिमूट बोटांनी चाचपा. चमच्याला काटा कळत नाही, बोटाला कळतो. घाईच्या दिवशी हे करूच नका, त्या दिवशी अंडं द्या. काटे काढलेला मासा मऊ भातात किंवा वरणात कालवा. सहा महिने पूर्ण झाले की असं देता येतं. वर्षाच्या आत मीठ-तिखट नको. पहिल्या वेळी चिमूटभरच द्या. अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

दोन वर्षांच्या पोराला उकडलेल्या बटाट्यात मासा कुस्करून तव्यावर छोट्या टिक्क्या करा. माझ्या मते पोरं यालाच सगळ्यात लवकर वळतात.

ताजा मासा नसेल तेव्हा बाजारातली सुकट आहेच. निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुवा म्हणजे वाळू जाते. वाळवून कोरडी भाजा, बारीक दळून चाळा. वर्षावरच्या लेकराच्या वरणात अर्धा चमचा पुरे. सुकट खारी असेल तर वरणात मीठ घालू नका.

मासा आणि दूध एकत्र आलं की कोड येतं, असं सासवा सांगतात. कोडाचं कारण ते नाही. सासूबाईंशी भांडू नका, दूध रात्री द्या.

आणि काटा अडकलाच तर कोरड्या भाकरीचा घास गिळायला लावू नका, घशात बोट घालू नका. काटा आणखी रुततो. लेकरू गिळत नसेल, लाळ गळत असेल किंवा श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला कोणी टिक्क्या करून आणल्या तर मी पहिली खाणार.