नेमणूकपत्र हाती आल्यावर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी आम्हांस 'पदवीधरांपुढील मार्ग' असा विषय देण्यात आला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणे शिक्षकाला सोपे जाते; कारण त्यात कोणा एकाला उत्तर द्यावे लागत नाही. म्हणून चिटणीसांच्या परवानगीने आम्ही तो लहान करून घेतला आहे. एका मुलाच्या हाती आलेल्या एका नेमणूकपत्राविषयी आम्ही बोलणार आहोत.

गेल्या जून महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आपल्याच न्यासाच्या शिष्यवृत्तीवर तो रसायनशास्त्र घेऊन बी.एस्‌सी. झालेला. वडील निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत कामाला होते, ते आता दम्याने घरी बसलेले. मुलाच्या हाती एका औषध कंपनीचे पत्र होते. हुद्दा वैद्यकीय प्रतिनिधीचा, म्हणजे ज्याला आपण एम.आर. म्हणतो तो, मुक्काम बेळगाव, फिरती खानापूर, गोकाक, चिकोडी, निपाणी. पत्र पुढे ठेवून तो म्हणाला, "सर, घेऊ का?"

आमच्या तोंडावर 'नको' हा शब्द आला होता. तो का आला होता हे सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

२००४ साली असेच एक पत्र आमच्या हाती आले होते. पगार साडेचार हजार आणि दिवसाचा भत्ता निराळा. आमचे अब्बा निपाणीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखान्यातल्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसलेले प्रतिनिधी त्यांनी वीस वर्षे पाहिले होते. ते एवढेच म्हणाले, "माणसे चांगली असतात बेटा, पण त्यांचा महिना दुसऱ्याच्या हातात असतो." घरात आपाच्या लग्नाची बोलणी चालू होती. आम्ही पत्र घेतले, हप्त्याने मोटारसायकल घेतली आणि कामाला लागलो.

अब्बांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस कामावर गेल्यावर कळला. हा प्रतिनिधी डॉक्टरला काहीच विकत नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, रोगी दुकानातून औषध घेतो, दुकानदार ते स्टॉकिस्टकडून आणतो आणि स्टॉकिस्ट कंपनीकडून. यांतले एकही पाऊल प्रतिनिधीच्या हातचे नसते. पण महिनाअखेरचा आकडा मात्र त्याच्या नावावर पडतो. आकडा भरला नाही की साहेब सांगतात, "स्टॉकिस्टला माल उचलायला लाव." म्हणजे माल रोग्यापर्यंत न जाता फक्त एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जातो, आणि पुढे मुदत संपली की परत येतो. ज्या वयस्क स्टॉकिस्टला आम्ही चाळीस खोकी घ्यायला लावली, ते अब्बांच्या ओळखीचे होते. त्यांनी नाही म्हटले नाही, आणि त्यामुळेच आम्हांस त्यांच्या दुकानावरून जाणे जड होऊ लागले.

पण नोकरी सोडण्याचे कारण ते नव्हते. एका गावच्या डॉक्टरांनी शीतकपाट मागितले. वरून मंजुरी आली, शीतकपाट पोहोचले, आणि आमच्या एका महागड्या प्रतिजैविकाच्या चिठ्ठ्या वाढल्या. या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानात जाऊन मोजणे हे प्रतिनिधीचे कामच असते. एका संध्याकाळी आम्ही असेच दुकानात उभे होतो. विडी वळणारी एक बाई चिठ्ठी घेऊन आली. औषध आमचे होते, आणि ते पाहून प्रथम आम्हांस आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. किंमत ऐकून तिने पदराची गाठ सोडली, पैसे मोजले आणि दहापैकी तीनच गोळ्या कापून मागितल्या. रसायनशास्त्राच्या पदवीधराला हे सांगावे लागत नाही की अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकाने रोग बरा होईलच असे नाही, उलट जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. ती बाई गेली. आम्ही वहीत एक चिठ्ठी वाढली म्हणून नोंद केली.

त्या रात्री आम्ही राजीनामा लिहिला, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. पण मोटारसायकलचे हप्ते होते. आणखी तीन महिने आम्ही तेच काम केले व मग सोडले. आपाचे लग्न एक वर्ष लांबले. घरात कोणी एका शब्दाने बोलले नाही. पुढे याच न्यासाने बी.एड्.साठी वीस हजार रुपये बिनव्याजी दिले, म्हणून आज आम्ही आपणापुढे शिक्षक म्हणून उभे आहोत.

आता आमच्याबरोबर लागलेल्या एका सोबत्याचेही सांगितले पाहिजे. तो त्याच धंद्यात राहिला. औषध शरीरात कसे काम करते, कोणास देऊ नये, कोणत्या औषधाबरोबर चालत नाही, हे तो असे समजावून सांगे की घाईत असलेले डॉक्टरही पेन खाली ठेवून ऐकत. ज्याला ते माहीत नसेल त्यास 'विचारून कळवतो' म्हणे, आणि खरोखर कळवी. वरच्या हुद्द्यावर जायला त्याला इतरांपेक्षा उशीर लागला, पण तो गेला. त्याची मुले शिकली. तेव्हा हा धंदाच वाईट, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आणि औषधनिर्मिती हा तर आपल्या लोकांनी अभिमान बाळगावा असा उद्योग आहे. प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली बडोद्यास अलेम्बिक काढली. बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला स्थापन केली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरांहून अधिक पडत होते. औषध स्वस्तही करता येते आणि महागही. ते रोग्यापर्यंत नेण्याचे काम प्रामाणिकपणेही करता येते. हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले, आणि शेवटी मनातले 'नको'ही सांगितले. त्याने शांतपणे ऐकले व म्हणाला, "सर, तुम्ही सोडलेत तेव्हा तुम्हांला न्यासाने वीस हजार दिले. मी पत्र परत केले तर अब्बूंचे औषध कोण आणील?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. नकार देण्याला पाठीशी काही लागते, आणि ते ज्याच्यापाशी नाही त्याला नकाराचा उपदेश करणे सोपे असते, एवढे त्या क्षणी आम्हांस उमगले. मग आम्ही 'घे' वा 'नको' म्हणणे सोडून दिले आणि दोघांनी मिळून ते पत्र ओळ न् ओळ वाचले. जे प्रश्न निघाले ते येथे सांगतो. इतर पालकांसही ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, मालक कोण? पत्र कंपनीचे आहे की माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे? या कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला व लेखी नेमणूकपत्र देणे त्यात बंधनकारक केले गेले. तो कायदा २०२० च्या संहितेत सामावून घेण्यात आला आहे. म्हणून तोंडी वचनावर कामाला लागू नये. मूळ पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, रजा किती, हे कागदावर असावे.

दुसरा प्रश्न, खर्च कोणाचा? खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे, जाऊन परत येता येते. निपाणी-चिकोडीकडे पाऊणशे किलोमीटर जावे लागते आणि कधी मुक्काम पडतो. पेट्रोल आधी आपल्या खिशातून जाते व भत्ता मागाहून येतो. तो किती दिवसांनी येतो, हे कंपनीला न विचारता तेथे काम करणाऱ्याला विचारावे.

तिसरा प्रश्न, या जागेवर आधी कोण होता व तो का गेला? आम्ही दोघे त्या गृहस्थांना जाऊन भेटलो. चहा पाजून त्यांनी सर्व सांगितले. त्यांची तीन महिन्यांची खर्चाची बिले अडकली होती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण मागच्या वर्षी जो आकडा कसाबसा झाला, त्यावर यंदा आणखी चढवला होता.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. डॉक्टरांकडे काय घेऊन जायचे? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या औषध विभागाने विक्रीव्यवहाराची आचारसंहिता जाहीर केली आहे. डॉक्टरांना वा त्यांच्या घरच्यांना वैयक्तिक भेटी देऊ नयेत, सहलीचा वा हॉटेलचा खर्च करू नये, भेट मिळावी म्हणून प्रतिनिधीने पैसे देऊ नयेत, नमुन्याच्या औषधांना मर्यादा असावी, आणि प्रतिनिधीच्या वागण्याला कंपनी जबाबदार राहील, असे तीत म्हटले आहे. आमच्या वेळी अशी संहिता नव्हती. ती सर्वत्र पाळली जाते असे आम्ही म्हणत नाही. पण 'हे मला करता येणार नाही' म्हणणाऱ्या मुलाच्या हाती आज निदान एक छापील कागद आहे.

पाचवा प्रश्न, बाहेर पडायची वाट कशी आहे? नोटीस किती दिवसांची, बंधपत्र आहे का? मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. नमुने व बॅग परत केल्याची पावती घ्यावी. आणि मोटारसायकल जुनी घ्यावी. नव्या गाडीच्या हप्त्यांनी आम्हांस तीन महिने बांधून ठेवले होते.

त्या मुलाने चार गोष्टी लेखी मागितल्या. तीन मिळाल्या, खर्चाची बिले महिन्यात देण्याचे वचन मात्र कागदावर आले नाही. ऑगस्टमध्ये तो कामावर रुजू झाला. कधी रविवारी येतो. उन्हापावसाने काळवंडला आहे, पण वडिलांचे औषध वेळेवर येते आणि नव्या औषधांविषयी तो आमच्या वर्गातील मुलांना आमच्यापेक्षा चांगले सांगतो. मध्यंतरी एका ठिकाणी त्याने 'हे मला जमणार नाही' म्हटले, तेव्हा त्या तिमाहीचे बक्षीस गेले. पुढच्या वेळी काय होईल, ते त्यालाही ठाऊक नाही. "सर, अजून तरी वहीत लिहिताना लाज वाटलेली नाही," असे तो म्हणाला.

बंधुभगिनींनो, आमची विनंती एवढ्यासाठीच आहे. आपला न्यास मुलांना पदवीपर्यंत पोहोचवतो. पण खरी परीक्षा त्यानंतर, पहिले पत्र हाती येते तेव्हा होते, आणि तेव्हा मुलगा एकटा असतो. चुकीची नोकरी नाकारण्यासाठी अथवा सोडण्यासाठी सहा महिने घर चालेल एवढी बिनव्याजी, परतफेडीची रक्कम न्यासाने राखून ठेवावी. तसेच नेमणूकपत्र वाचून देणारी चार जाणती माणसे, एखादा वकील, एखादा हिशेबनीस, त्या धंद्यातला एखादा अनुभवी, महिन्यातून एक रविवार न्यासाच्या खोलीत बसावीत. हा निधी सर्वांनाच लागणार नाही. पण तो आहे एवढे माहीत असले, तरी साहेबांपुढे उभे असलेल्या मुलाच्या 'नाही' म्हणण्याला बळ येईल.

या निधीत पहिली भर म्हणून वीस हजार रुपयांचा धनादेश आम्ही अध्यक्षांच्या हाती देत आहोत. ही देणगी समजू नये. आपले कर्ज आम्ही चार वर्षांत फेडले होते. पण त्या वेळी नाही म्हणता आले, त्याची परतफेड राहून गेली होती.