पाल आपलं, बाजार कुणाचा?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, मोबाइल मी सात हजाराला घेतला, ते समजलं. पण त्यातली गाणी फुकट, नकाशा फुकट, फोटो पाठवणं फुकट. एवढं फुकट वाटून ह्या कंपन्यांचं भागतं कसं?" सगळ्या हसल्या. मला मात्र चटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन थोडं वाचलं, जुनं आठवलं, आणि आज तेच तुम्हांला सांगणार आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरातला पहिला मोबाइल नोकियाचा होता. आठवतोय का तो वरच्या टोकाला बॅटरी असलेला, बटणांवर धूळ बसू नये म्हणून रबराचं पांघरूण घातलेला? नोकिया ११००. तो २००३ साली आला आणि जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. लाइट गेली की तोच घेऊन आपण गोठ्यात जायचो. हातातून पडला तरी उचलून, बॅटरी बसवून पुन्हा चालू. त्या काळात मोबाइलच्या धंद्यात नोकिया जगात पहिल्या नंबरवर होती. फिनलंड देशाची ही कंपनी, पण २००६ मध्ये तिने आपल्याकडे तामिळनाडूत, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोठा कारखाना काढला. आजूबाजूच्या खेड्यांतल्या तरुण मुली हजारोंनी तिथे कामाला लागल्या. कंपनीची बस गावात यायची आणि बारावी झालेली पोर महिन्याचा पगार घरी आणायची.

मग २००७ मध्ये अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने आयफोन काढला. बटणं नाहीत, नुसती काच. महाग इतका, की आपल्यासारख्यांनी दुकानाबाहेरूनच बघावा. पण खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. ॲपलने फोनमध्येच एक बाजार भरवला. कुणीही ॲप बनवावं, तिथे मांडावं आणि विकावं. त्याच २००८ मध्ये गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. अँड्रॉइड म्हणजे फोन चालवणारी आतली व्यवस्था. गूगलने ती फोन बनवणाऱ्या कंपन्यांना फुकट दिली. तुम्ही फोन बनवा, विका, नफा तुमचा. मात्र गूगलचा बाजार आणि गूगलची बाकीची ॲपं हवी असतील तर ती ठरलेल्या अटींवर घ्यायची, आणि शोधायची पट्टी पहिल्या पानावर ठेवायची.

आता आपला आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. बाजार कुठे भरतो? जिथे गिऱ्हाईक येतं तिथे. आणि गिऱ्हाईक कुठे जातं? जिथे जास्त पालं असतात तिथे. शेजारच्या गावाने उद्या सिमेंटचे ओटे बांधून, नळ घालून, झकास नवा बाजार काढला तरी भाजीवाली म्हणते, तिथे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक म्हणतं, तिथे भाजी नाही. ओटे तसेच ओस पडतात. असे ओटे मी आपल्या तालुक्यातच पाहिलेत, नाव नको घ्यायला.

नोकियाचं नेमकं हेच झालं. फोन चांगलाच होता, पण बाजार भरला ॲपल आणि गूगलकडे. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली. मायक्रोसॉफ्ट म्हणजे आपल्या पंचायतीतला कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती कंपनी, काही लहानसहान नव्हे. २०१४ मध्ये तिने नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेतला. तरी गिऱ्हाईक नाही म्हणून ॲपवाले आले नाहीत, आणि ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक आलं नाही. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ह्या व्यवहारापायी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले. आपण गटात दोन हप्ते थकले तर रात्रभर झोपत नाही!

आणि त्या श्रीपेरुंबुदूरच्या मुली? कारखान्याचा कराचा वाद चालू होता, त्यामुळे विक्रीच्या व्यवहारात तो घेतलाच नाही. मायक्रोसॉफ्टने तिथून माल घेणं बंद केलं आणि १ नोव्हेंबर २०१४ ला कारखाना बंद पडला. मोठ्यांच्या झटापटीच्या बातम्यांत कंपनीचे मालक दिसतात. ह्या मुली क्वचितच दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मावशींचा प्रश्न. फुकट देऊन भागतं कसं? बाजाराची जागा ज्याची, पावती तो फाडतो. ॲपमधून डिजिटल वस्तू किंवा सेवा विकली, तर ॲपल आणि गूगल बऱ्याच व्यवहारांत शंभरातले पंधरा ते तीस रुपये स्वतःला ठेवतात. आणि दुसरी कमाई जाहिरातीची. तुम्ही 'शेळीपालन' म्हणून शोधलंत, की गूगलला कळतं ह्या बाईला शेळीत रस आहे. मग त्या वस्तू विकणारा गूगलला पैसे देतो, माझी जाहिरात ह्या बाईपुढे ठेव म्हणून. म्हणजे फुकट काही नाही. आपलं बघणं तिथे विकलं जातं.

ही जागा किती मोलाची असते ते ऐका. आयफोनवर शोधायला पहिलं गूगलच यावं म्हणून गूगलने एका वर्षात, २०२२ मध्ये, ॲपलला २,००० कोटी डॉलर दिले. आपले दीड लाख कोटी रुपयांच्या वर. जाहीरपणे एकमेकांचे वैरी, आणि आतून हे देणंघेणं. अमेरिकेच्या कोर्टात खटला चालला तेव्हा हा आकडा बाहेर आला, आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी गूगलने शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी ठेवली असा निकाल दिला. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. गूगल अपिलात गेली, काही आदेश रद्द झाले, पण दंड कायम राहिला.

फेसबुकची तऱ्हा वेगळी. स्वतःचा फोन नाही, स्वतःचा बाजार नाही. म्हणून जिथे माणसं जमतील ती ओसरीच ती विकत घेते. २०१४ मध्ये तिने व्हॉट्सॲप घेतलं, सुमारे १,९०० कोटी डॉलरला. तेव्हा व्हॉट्सॲपमध्ये कामाला होती पन्नास-साठ माणसं. किंमत माणसांची नव्हती, यंत्रांचीही नव्हती, ती पंचेचाळीस कोटी वापरणाऱ्यांची होती.

फेसबुकने आपल्या देशात फुकट इंटरनेटही आणायला घेतलं होतं, 'फ्री बेसिक्स' नावाने. अट एवढीच, की ठरलेल्याच साइट फुकट दिसणार. म्हणजे एसटी फुकट, पण ती एकाच दुकानापुढे थांबणार. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये अशा वेगवेगळ्या दरांना मनाई केली. मला विचाराल तर योग्य केलं, जरी तेव्हा काही जणी म्हणत होत्या की मिळतंय ते घ्यावं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त. जिओकडे एवढी गिऱ्हाइकं जमल्यावर २०२० मध्ये फेसबुकने तिथे ४३,५७४ कोटी आणि गूगलने ३३,७३७ कोटी घातले. दोघं भांडणारे एकाच पंगतीला.

आता नवा बाजार भरतोय, प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या एआयचा. मोबाइलची गाडी हुकलेल्या मायक्रोसॉफ्टने ह्या वेळी उशीर केला नाही. ओपनएआय कंपनीत तिने २०१९ मध्येच १०० कोटी डॉलर घातले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांचं चॅटजीपीटी आलं. गूगल जेमिनी घेऊन मागे धावली. आणि २०२५ मध्ये आपल्या देशात काय झालं? एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट, जिओच्या ठरावीक प्लॅनवाल्यांना जेमिनी दीड वर्ष फुकट, चॅटजीपीटीचा एक प्लॅन वर्षभर फुकट. कांद्याचा भाव विचारायचा, लेकीचा अर्ज लिहायचा, तर वापरा की. मीही वापरते. पण फुकटाची मुदत संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. चालू करताना ऑटोपेला हो म्हटलं असेल, तर पैसे भरायच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडून नको ते बंद करा. जमत नसेल तर बैठकीत फोन घेऊन या, आपण बसून बघू.

आणखी एक. माझ्याकडच्या एका गटाच्या पापड-कुरडयांच्या ऑर्डरी सचिवताईंच्या फोनवर, एका ॲपवर यायच्या. दीडशेच्या आसपास गिऱ्हाइकं, पार ठाण्यापर्यंतची. नंबर मुलाच्या नावावर, आणि त्याचं रिचार्ज कित्येक महिने बंद. घरात दुसरं सिम होतं, ॲप चालत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. फोन बादलीत पडला. नव्या फोनवर ॲप सुरू करायला ओटीपी हवा, आणि तो नंबर तोवर तिसऱ्याच माणसाला गेलेला. ऐन दिवाळीच्या तोंडावर एकही नाव हाताशी नाही. सचिवताई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना कुणी बोललं नाही, हे त्या गटाचं मोठेपण. खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं, की नंबर कुणाच्या नावावर आहे आणि यादी कुठे आहे.

आता त्या गटाने एक जाड रजिस्टर घेतलंय. नाव, गाव, फोन, काय नेलं, किती नेलं. नंबर सचिवताईंच्या स्वतःच्या नावावर, रिचार्जचा खर्च गटातून. जुनी गिऱ्हाइकं एकेकीच्या ओळखीने शोधणं चालू आहे. कालपर्यंत एकसष्ट नावं परत मिळाली होती.

आज इतकंच. नमस्कार.