बुडी कोठें मारावी?

विहिरींत सूर मारूं लागलेल्या मुलास वडील मंडळी पहिली ताकीद देतात ती ही कीं, कपारीखालीं शिरावयाचें नाहीं. पाणी खोल असलें तरी चालेल. पण डोक्यावर मोकळें आकाश असलें पाहिजे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालीं विहार करण्याची कला, जिला स्कूबा म्हणतात, ती आज पुष्कळ पुढें गेली आहे. तथापि जागा निवडतांना हीच घरगुती ताकीद अखेर उपयोगी पडते. अमेरिकेच्या आग्नेय टोंकास असलेल्या फ्लॉरिडा द्वीपकल्पाकडे पाहिलें म्हणजे याची प्रचीति येते.

या राज्यांत पाणबुड्यास दोन प्रकारचें पाणी लाभतें : किनाऱ्याचें उबदार समुद्रजल आणि आंतल्या भागांतील झऱ्यांचें गोडें पाणी. दक्षिणेकडील की लार्गो बेटापाशीं प्रवाळाच्या रांगा आहेत. तेथें १९६५ सालीं समुद्रतळावर उभारलेली ख्रिस्ताची ब्राँझची मूर्ति अवघ्या २५ फुटांच्या सुमारास आहे. नवख्यानें प्रारंभ करावा तो अशा ठिकाणीं. प्राथमिक शिक्षण घेतलेल्यास सामान्यतः ६० फुटांची मर्यादा सांगितलेली असते. त्याच बेटानजीक 'स्पीगल ग्रोव्ह' हें ५१० फूट लांबीचें जुनें आरमारी जहाज २००२ सालीं मुद्दाम बुडविण्यांत आलें. तें ठरल्या वेळेपूर्वींच कलंडलें. पुढें २००५ सालीं डेनिस वादळानें खवळलेल्या समुद्रानें तें तळाशीं सरळ उभें केलें! जेथें समुद्र एवढें धूड हलवितो, आणि जेथें तळ सुमारें १३० फुटांवर आहे, तेथें नवशिक्यानें घाई करूं नये, हें सहज ध्यानांत येतें. समुद्र आपलें भय लपवून ठेवीत नाहीं.

झऱ्यांची गोष्ट निराळी. जून ते नोव्हेंबर हा तेथील वादळांचा काळ. समुद्र खवळला, बेत फसला, कीं मंडळी आंतल्या झऱ्यांकडे वळतात. फ्लॉरिडाची भूमि चुनखडीची. पावसाच्या पाण्यानें युगानुयुगें ती विरघळून आंत भुयारें पडलीं, आणि त्यांतून वर येणारे लहानमोठे हजाराहून अधिक झरे आज तेथें आहेत. पाण्याचें उष्णमान बारा महिने सुमारें २२ अंश सेंटिग्रेड. सँटा फे नदीच्या कांठचें जिनी स्प्रिंग्ज तर इतकें नितळ कीं, तळाचा खडा मोजून घ्यावा. लाट नाहीं, वारा नाहीं. समुद्राहून हें सोपें, असें कोणासहि वाटावें. आणि फसगत होते ती येथेंच.

मोकळ्या समुद्रांत कांहीं बिघडलें तर पाणबुड्या सावकाश वर येऊं शकतो. भुयारांत वर खडक असतो. बुडाशीं साचलेला मऊ गाळ पायाच्या एका फटकाऱ्यासरशीं उठतो, आणि क्षणापूर्वींचें स्फटिकासारखें पाणी शाईसारखें होतें. मग आलेली वाट सांपडत नाहीं, आणि टाकींतील हवा तर संपत असते. शेक एक्स्ली या नामांकित पाणबुड्यानें १९७९ सालीं अशा अपघातांची छाननी करून पुस्तक लिहिलें. त्याचा निष्कर्ष साधा होता : बाहेरच्या पाण्यापर्यंत अखंड दोरी ठेवावी, हवेचा तिसरा हिस्साच आंत जातांना खर्चावा, फार खोल जाऊं नये. खुद्द एक्स्लीचा अंत १९९४ सालीं मेक्सिकोंतील झाकातोन या अतिखोल कुंडांत झाला. कौशल्यालाहि सीमा असते, ती ही अशी.

जिनी स्प्रिंग्ज येथील व्यवस्था या दृष्टीनें मननीय आहे. तेथील एका गुहेच्या पोटांत, जेथून भुयार पुढें जातें तेथें, लोखंडी जाळी बसविलेली आहे. म्हणून तेथें नवख्यासहि दिवा नेण्यास मोकळीक असते. परंतु शेजारच्या 'डेव्हिल्स' नांवाच्या भुयारांत जाळी नाहीं. तेथें भुयारविद्या न शिकलेल्याच्या हातांत दिवाच देत नाहींत. दिवा नसला म्हणजे मनुष्य अंधाराच्या उंबरठ्यावरून मागें फिरतो. दिवा असला म्हणजे त्यास वाटतें, आणखी थोडें पुढें जाऊन पाहूं. ज्या वस्तूनें रक्षण व्हावें तीच येथें मोहाचें कारण होते.

तेव्हां जागा निवडतांना पाणी किती सुंदर आहे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा कीं, या ठिकाणाहून पृष्ठभागापर्यंतची वाट सरळ आहे काय, आणि ती आपल्या शिक्षणाच्या व हवेच्या आटोक्यांत आहे काय? उत्तर होकारार्थीं आलें तर पंचवीस फुटांवरचें प्रवाळहि डोळ्यांचें पारणें फेडतें. तें नकारार्थीं आलें, तर कांठावर बसून नितळ पाणी पाहण्यांतहि कमीपणा नाहीं. विहिरीच्या कांठावरून वडील मंडळी जें ओरडून सांगत असतात, त्याचा अर्थ एवढाच आहे.