विमानाची निवृत्ती



विमान जुनं झालं की भंगारात जातं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण नीट निवृत्त केलेलं विमान पुढे कितीतरी वर्षं उपयोगी पडतं आणि ते तसं पडावं यासाठी शिस्त लागते. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, टुसॉन शहराजवळच्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळावर ही शिस्त दिसते. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, तिथे जादा झालेली लष्करी विमानं आणून ठेवायला सुरुवात झाली. आज सुमारे २,६०० एकरांवर हजारो विमानं उभी आहेत.

जागा वाळवंटातली निवडली, कारण पाऊस कमी, हवा कोरडी, त्यामुळे गंज सावकाश चढतो. जमीनही इतकी टणक की काँक्रीट न घालता जड विमान उभं करता येतं.

विमान आलं की आधी त्यातली स्फोटकं काढतात, मग ते धुतात. टाक्यांतलं इंधन उपसून हलकं तेल भरतात आणि तेही काढून घेतात. आत राहिलेला तेलाचा पातळ थर गंजाला अटकाव करतो. मग फटी, झरोके टेपने बंद करतात आणि काचांवर, वरच्या अंगावर पांढरा लेप फवारतात. हा लेप ऊन परतवतो, म्हणून आतली उपकरणं भाजून निघत नाहीत. गरज पडली की तो सोलून काढता येतो.

अशा राखणीचं फळही मिळतं. २००८ मध्ये इथे आणून ठेवलेलं एक बी-५२ बॉम्बफेकी विमान २०१५ मध्ये पुन्हा उडालं. इतर अनेक विमानांचे सुटे भाग सेवेतल्या विमानांना जातात. अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट करारानुसार मात्र शेकडो बी-५२ विमानं याच तळावर तोडली गेली. उपग्रहांतून रशियाला खात्री करता यावी म्हणून तुकडे काही काळ उघड्यावरच ठेवले गेले.

आता आपल्याकडे पाहू. नागपूर विमानतळावर १९९१ साली बिघाडामुळे उतरलेलं एक बोइंग ७२० विमान २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ २४ वर्षं, तिथेच पडून होतं. ना ते उडालं, ना वेळेत मोडीत निघालं. ऊन-पावसात उभ्या राहिलेल्या विमानाचं मोल दरवर्षी घटतं. शिवाय सुट्या भागाचे वापराचे कागद हरवले, तर तो चांगला असूनही दुसऱ्या विमानाला बसवता येत नाही.

२०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानंही एक दिवस निवृत्त होतील. त्यांच्यासाठी कोरड्या हवेची जागा, सुटे भाग काढणारे कुशल हात आणि चोख नोंदी यांची तजवीज आजच सुरू झाली पाहिजे. विमान विकत घेतानाच त्याच्या निवृत्तीचा आराखडा मागा, एवढीच माझी धोरणकर्त्यांना आणि तुम्हालाही विनंती आहे.